खोक्यावरची वडी

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या बहिणीची नात अमेरिकेहून आली होती. वय वर्षे अकरा. एका दुपारी ती म्हणाली, "आजी, आज मी तुम्हा सगळ्यांना एक गोड पदार्थ करून घालते. तू फक्त गॅस लावून दे." आमच्याकडे ओव्हन नाही, हे मी तिला सांगितले. "ओव्हन लागतच नाही," ती म्हणाली.

तिने बॅगेतून दोन वस्तू काढल्या. एक मार्शमेलोचे पाकीट आणि एक राइस क्रिस्पीजचे खोके. मी शेजारी उभी राहून पाहू लागले. तिने पातेल्यात तीन मोठे चमचे लोणी टाकले, गॅस अगदी बारीक केला, लोणी वितळल्यावर पाकिटातले सगळे मार्शमेलो, म्हणजे दहा औंस, आपल्या हिशेबाने सुमारे २८० ग्रॅम, त्यात ओतले. त्या पांढऱ्या गुबगुबीत गोळ्या हळूहळू बसत गेल्या आणि त्यांचा चिकट, चकाकता लगदा झाला. तिने गॅस बंद केला. सहा कप राइस क्रिस्पीज त्यात घालून भराभर ढवळले, तूप लावलेल्या ताटात ते मिश्रण पसरले, बोटांना तूप लावून हलकेच सारखे केले. "जोरात दाबायचं नाही हं, नाहीतर वड्या दगड होतात," हे वर मलाच सांगितले. अर्ध्या तासाने सुरीने चौकोन कापले. झाले.

मी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हटले, "अगं, हा तर चुरमुऱ्याचा लाडू!"

तिला ते मान्य नव्हते. लाडू गोल असतो, हा तिचा मुद्दा. मी विचारले, "कुणी शिकवलं तुला? आईनं?" ती म्हणाली, "कुणीच नाही. खोक्यावर लिहिलेलं आहे." "आणि खोक्यावर कुणी लिहिलं?" तिने खोके फिरवून चारही बाजूंनी पाहिले. कंपनीचे नाव होते, माणसाचे नव्हते.

इकडे माझ्या बहिणीने मार्शमेलोचे पाकीट चष्म्याजवळ धरून वाचले. त्यात जिलेटिन होते. तिने हातातला तुकडा न खाता ताटात परत ठेवला. नातीचा चेहरा उतरला.

त्या दुपारचे दोन प्रश्न माझ्या मनात राहिले. ही वडी पहिल्यांदा कुणी केली, आणि एवढ्या साध्या वडीत प्राण्याच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन आले कुठून? उत्तरे शोधताना मी बरीच लांब जाऊन आले. तो प्रवास आज तुम्हाला सांगावा म्हणते.

सुरुवात मार्शमेलोपासून करू. मूळचे हे एका झाडाचे नाव. युरोपात, पश्चिम आशियात, उत्तर आफ्रिकेत दलदलीच्या जागी हे झाड उगवते. इंग्रजीत 'मार्श' म्हणजे दलदल आणि 'मेलो' हे त्या वनस्पतीचे नाव. शास्त्रीय नाव अल्थिया ऑफिसिनॅलिस. नाव परके वाटले तरी झाडाचे कुळ आपल्या ओळखीचे आहे. आपली जास्वंद आणि आपली भेंडी त्याच कुळातली. भेंडी चिरताना सुरीला जी तार सुटते, तसाच चिकट द्रव या झाडाच्या मुळातही असतो. घसा बसला, खोकला झाला की त्या मुळाचा काढा देण्याची रीत फार जुनी. युनानी वैद्यकातही हे झाड आहे. त्याला खत्मी म्हणतात आणि त्याचे मूळ 'रेशा खत्मी' या नावाने जडीबुटीच्या दुकानात मिळते. म्हणजे मार्शमेलो आपल्या काष्ठौषधीवाल्याकडे आधीपासूनच होता, फक्त मिठाईच्या रूपात नव्हता.

त्याची मिठाई केली फ्रेंच हलवायांनी. एकोणिसाव्या शतकात ते या मुळाचा चिकट रस, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक एकत्र घोटून, फेटून हलकी, मऊ वडी करत. झाडाचे फ्रेंच नाव गिमोव्ह, म्हणून तिचेही नाव गिमोव्ह. औषधाची गोळी आणि मिठाई यांच्या सीमेवरचा तो पदार्थ होता. पण मूळ खणा, उकळा, रस काढा, मग तास न् तास फेटा, हे काम मोठे किचकट. पुढे हलवायांच्या लक्षात आले की मुळाच्या रसाचे काम जिलेटिनने अधिक सोपे होते. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेले प्रथिन. गरम पाण्यात ते विरघळते, थंड झाल्यावर गोठते आणि फेटून भरलेली हवा धरून ठेवते. शिवाय ते आपल्या शरीराच्या उष्णतेच्या आसपास पुन्हा पातळ होते, म्हणून मार्शमेलो जिभेवर विरघळतो. शतक संपेपर्यंत कारखान्यांतून कॉर्नस्टार्चच्या साच्यांत मार्शमेलो ओतले जाऊ लागले. झाड पदार्थातून बाहेर पडले, नाव तेवढे मागे राहिले. माझ्या बहिणीने तुकडा खाली ठेवला, त्याचे कारण हे असे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे.

आता वडीचा दुसरा निम्मा भाग, कुरकुरीत तांदूळ. त्यासाठी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावी जावे लागते. तिथे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी एक आरोग्यधाम चालवले होते. त्याचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग. हे गृहस्थ कट्टर शाकाहारी. मांस नाही, मद्य नाही, तंबाखू नाही, आणि साखरेलाही त्यांचा विरोध. रुग्णांना पचायला हलके धान्य द्यावे म्हणून त्यांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ विल यांनी जे प्रयोग केले, त्यांतून १८९४ मध्ये धान्याचे पापुद्रे, म्हणजे फ्लेक्स, हाती लागले. विल यांचा कल व्यापाराकडे होता. त्यांना वाटे, यात थोडी साखर घातली तर लोक आवडीने खातील. डॉक्टरांना ते पटेना. शेवटी १९०६ मध्ये विल यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि केलॉग हे नाव कुणी वापरायचे यावरून दोघे सख्खे भाऊ कोर्टात गेले.

या धाकट्या भावाच्या कंपनीने १९२८ मध्ये राइस क्रिस्पीज बाजारात आणले. तांदूळ थोडी साखर, मीठ आणि माल्ट घालून शिजवायचा, वाळवायचा, रुळांमधून हलकेच चेपायचा आणि खूप तापलेल्या भट्टीत भाजायचा. आतल्या पाण्याची वाफ होते, दाणा फुगतो, पोकळ होतो. दुधात पडला की त्याच्या पातळ भिंती तडकतात आणि तडतड ऐकू येते. त्या आवाजावरच कंपनीने जाहिरात उभी केली.

तुम्ही म्हणाल, यात नवे काय? आपला भडभुंजा वेगळे काय करतो? उकडलेल्या साळीचा तांदूळ मिठाच्या पाण्याचा हात लावून तापलेल्या वाळूत टाकला की क्षणात चुरमुरे होतात. तत्त्व तेच, पाण्याची वाफ आणि फुगलेला दाणा. लाह्या तर आपल्याकडे इतक्या जुन्या की लग्नातल्या लाजाहोमात त्यांना मान आहे आणि लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे लागतातच. बत्तासा तरी काय, साखरेत हवा कोंडूनच केलेला! तेव्हा फुगलेला तांदूळ आणि हवेने हलकी झालेली साखर ही जोडी आपल्या देवघरात फार आधीपासून आहे. आपण त्यांची वडी थापली नाही, एवढेच.

ती वडी ज्यांनी थापली त्या दोघी होत्या. मिल्ड्रेड डे आणि मलिट्टा जेन्सन. दोघीही केलॉग कंपनीच्या गृहशास्त्र विभागात नोकरीला होत्या.

या विभागाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गृहशास्त्राची चळवळ उभी राहिली. एलन स्वॉलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाई तिच्या अग्रणी. एमआयटी या प्रख्यात संस्थेत प्रवेश मिळालेली ही पहिली स्त्री. स्वयंपाक आणि स्वच्छता यांकडे विज्ञान म्हणून पाहावे, असे त्यांचे म्हणणे. १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांचे पाकपुस्तक आले आणि 'लोण्याचा अक्रोडाएवढा गोळा' अशा मापांच्या जागी सपाट भरलेला कप आणि सपाट चमचा रूढ झाला. मुली विद्यापीठात गृहशास्त्र शिकू लागल्या. इतर विज्ञानशाखांची दारे बायकांना फारशी उघडी नव्हती, तेव्हा रसायनशास्त्राची आवड असलेल्या अनेक जणी या वाटेने आल्या. अन्नपदार्थांच्या कंपन्यांनी त्यांना नोकऱ्या दिल्या. काम असे, की कंपनीचा माल वापरून घरोघरी करता येतील असे पदार्थ शोधायचे, पुन्हा पुन्हा करून पाहायचे, कुणाच्याही हातून बिघडणार नाही असे माप ठरवायचे.

मिल्ड्रेड डे यांनी आयोवा राज्यातल्या विद्यापीठातून गृहशास्त्राची पदवी घेतली ती १९२८ मध्ये. योगायोग असा, की राइस क्रिस्पीजचेही तेच साल. १९३९ मध्ये या दोघींनी बॅटल क्रीकच्या प्रयोग-स्वयंपाकघरात ही वडी बसवली. कल्पना अगदी कोरी नव्हती. फुगवलेले धान्य काकवीत किंवा साखरेच्या पाकात बांधायचे प्रकार तिकडे आधीपासून होते, मक्याच्या लाह्यांचे लाडूही होते. यांनी काय केले, तर पाकच काढून टाकला. त्याच्या जागी मार्शमेलो वितळवून घातला.

ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. कारण पाक ही स्वयंपाकघरातली सगळ्यात अवघड परीक्षा. ज्यांनी चिक्की केली आहे त्यांना हे सांगायला नको. गूळ वितळतो, फेस येतो, रंग बदलतो, आणि त्यात एक क्षण असा असतो की तेव्हाच पातेले उतरवायचे. आधी उतरवले तर लाडू बसतात, उशीर झाला तर दात पडतात. मार्शमेलोत हा पाक कारखान्यानेच करून ठेवलेला असतो. साखर पुन्हा खडे धरू नये म्हणून त्यात मक्याच्या पिठापासून केलेला पातळ पाक घातलेला असतो. आपल्याकडे तेच काम चिक्कीच्या गुळातली नैसर्गिक द्राक्षशर्करा आणि फलशर्करा करतात. जिलेटिनमुळे वडी मऊ आणि लवचिक राहते. करणारीने फक्त मंद आचेवर वितळवायचे. आच मोठी झाली तर पाणी उडून वडी कडक होते, पण ही चूक सोडली तर बिघडण्यासारखे त्यात काही नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातून ती वडी पहिल्या प्रयत्नात जमली, ती डे आणि जेन्सन यांच्या त्या मेहनतीमुळे.

वडीचा पहिला मोठा उपयोगही मुलींनीच केला. कॅम्प फायर गर्ल्स ही १९१० मध्ये सुरू झालेली मुलींची संघटना. कॅन्सस सिटीतल्या तिच्या एका शाखेला निधी गोळा करायचा होता. कंपनीने मिल्ड्रेड डे यांना तिकडे धाडले. त्या घाण्यावर घाणे काढत, मुलींच्या आया वड्या कागदात गुंडाळत आणि मुली घरोघर जाऊन विकत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कृती खोक्यावर छापली गेली. तेव्हा तिचे नाव साधे होते, 'मार्शमेलो स्क्वेअर्स'. मार्शमेलो अर्धा पौंड आणि थोडा व्हॅनिला असे तेव्हाचे माप होते. मापे पुढे किंचित बदलली, रीत तीच राहिली.

मग युद्ध आले. १९४२ ते १९४७ या काळात अमेरिकेत साखरेवर रेशनिंग होते. तरीही लांब देशी गेलेल्या सैनिकांना घरून जे खाऊचे डबे जात, त्यांत या वड्या असत. त्यांत अंडे नाही, मैदा नाही, प्रवासात लगेच बिघडत नाहीत. आपल्याकडे शिकायला गेलेल्या मुलाला आई तिळाच्या वड्या धाडते, तसेच ते.

आता एक विसंगती बघा. ज्या आरोग्यधामातून हे घराणे निघाले, ते शाकाहारी. थोरले डॉक्टर केलॉग १९४३ पर्यंत हयात होते. धाकट्या भावाच्या कंपनीच्या खोक्यावर त्यांच्या नावासह, साखरेची आणि जिलेटिनची वडी छापून आली, ती त्यांच्या हयातीत. त्यांनी ती पाहिली असती तर माझ्या बहिणीसारखीच हातावेगळी ठेवली असती, यात मला शंका नाही!

दुसरी विसंगती मला अधिक बोचते. त्याच अमेरिकेत पिठाच्या एका कंपनीने १९२१ मध्ये बेटी क्रॉकर नावाची बाई कल्पनेने निर्माण केली. गृहिणींच्या पत्रांना उत्तरे द्यायला एखादे आपुलकीचे बाईचे नाव सहीला हवे होते, म्हणून. ही बाई अस्तित्वातच नव्हती, पण तिचे नाव देशभर झाले. आणि ज्या खऱ्याखुऱ्या बायकांनी पातेल्यापाशी उभे राहून मापे बसवली, त्यांची नावे खोक्यावर आलीच नाहीत. नोकरीतले काम, ते कंपनीचे. मिल्ड्रेड डे १९९६ मध्ये वारल्या. त्यानंतरच्या मृत्युलेखांमधून अनेकांना पहिल्यांदा कळले की आपण लहानपणापासून खातो ती वडी कुणीतरी बसवली होती, आणि ती बाई परवापरवापर्यंत आपल्यात होती. मलिट्टा जेन्सन यांचे नाव त्यांच्या नावापुढे एका ओळीत येते, तेवढेच.

हे वाचून मला अमेरिकेला नावे ठेवावीशी वाटली. पण लगेच मनात आले, आपण तरी काय केले? आपल्याकडे १८७५ मध्ये 'सूपशास्त्र' छापले गेले, १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' आले, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे नेमके माप घराघरांत पोहोचवले. ज्यांनी लिहिले त्यांची नावे राहिली. पण माझी आई चुरमुऱ्याचे लाडू करायची. तिला माप विचारले की ती म्हणायची, "त्यात काय विचारायचं? पाक आला की कळतो." मला तो कधी कळला नाही. ती गेल्यावर मी दोनदा करून पाहिले. एकदा लाडू बसले, एकदा बत्त्याने फोडावे लागले. मग मी तो नाद सोडला. आईचे नाव कुठल्या कंपनीने दडवले नव्हते. आम्ही मुलींनीच ते कधी लिहून ठेवले नव्हते.

आणि इथे त्या दुपारकडे परत येते. उतरलेल्या चेहऱ्याच्या नातीला जवळ घेऊन माझी बहीण म्हणाली, "चल, तुझी वडी मला चालत नाही, पण मी तुला माझी दाखवते." ती आमच्यात थोरली. आईच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षे काम केलेले, म्हणून तिला पाक येतो, हे मला ठाऊक होते आणि मी तिला कधी विचारले मात्र नव्हते. वाण्याकडून चुरमुरे आणि चिक्कीचा गूळ आणला. बहिणीने कढईत तूप टाकले, गूळ टाकला. नात हातात वाटी आणि घड्याळ घेऊन शेजारी. गुळाला फेस आला, तशी बहिणीने एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडला. तो मऊच राहिला. मिनिटाने दुसरा. तोही चिवट. तिसरा थेंब पाण्यात गोळा झाला, आणि तिने तो वाटीच्या कडेवर टाकला तेव्हा 'टण्' असा आवाज आला. "हा तो पाक," बहीण म्हणाली, आणि तिने गॅस बंद केला.

इतकी वर्षे मी रंग बघत होते. आई बहुधा आवाज ऐकत होती.

पाण्याचा हात लावून आम्ही तिघींनी चटके सोसत भराभर लाडू वळले. नातीने सगळे एका कार्डावर लिहिले. पाच वाट्या चुरमुरे, पाऊण वाटी चिक्कीचा गूळ, एक चमचा तूप, बारीक गॅस, आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाचा 'टण्' आवाज. मग ती थांबली आणि म्हणाली, "आजी, ही रेसिपी कुणाची?"

बहिणीने आमच्या आईचे नाव सांगितले, म्हणजे तिच्या पणजीचे. नातीने ते कार्डाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिले. खाली बहिणीचे नाव लिहिले. मग काहीतरी सुचून तिने राइस क्रिस्पीजचे खोके ओढले, आणि कृती छापलेल्या बाजूला थोडी मोकळी जागा होती तिथे बोट ठेवून विचारले, "आणि इथं?"

तेव्हा मला उत्तर माहीत नव्हते. आता माहीत आहे. परवा तिला पत्राने दोन्ही नावे कळवली आहेत.